पहिला प्रयोग आक्कांवर

"डोळे मिटा म्हटलं की मिटायचे, आक्का. किलकिले करून बघायचं नाही."

"अगं, गुपचूप काय लावतीयस ते तरी बघू दे की!"

"औषध आहे. हलू नका. आणि हसू तर अजिबात नका, माझा हात हलतो."

हसल्या नाहीत तर त्या आक्का कसल्या! पोट गदगदा हलवत हसल्या, आणि मी काडीला गुंडाळलेल्या कापसावर घेतलेला थेंब तसाच हवेत धरून उभी राहिले. शेवटी त्यांनी एकदाचे डोळे घट्ट मिटले. मी उजव्या डोळ्याखालच्या पिवळ्या डागावर कापूस टेकवला. डाग बघता बघता पांढराफटक झाला.

"चुरचुरतंय गं."

"चुरचुरणारच. थोडं सोसा."

"सोसते बाई. तुझ्या हातचं काय काय सोसलंय मी!"

खोटं नव्हतं ते. आक्का म्हणजे माझी थोरली नणंद, त्रिशला मगदूम. जयसिंगपुरात आमच्या अकराव्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक असलेल्या शाळामास्तरीण. लग्न केलं नाही. धाकट्या भावाला, म्हणजे आमच्या ह्यांना, शिकवलं, मार्गी लावलं आणि भावजय म्हणून मला पसंत करायलाही त्याच आल्या होत्या. मी घरात पार्लर काढायचं म्हटलं तेव्हा सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला होता. "लोकांच्या बायकांच्या भुवया उपटायला आणलीय का हिला?" म्हणाल्या. आक्का दुसऱ्या दिवशी हातगाडीवर भलामोठा आरसा घालून घेऊन आल्या आणि पुढच्या खोलीत स्वतः उभं राहून त्यांनी तो लावून घेतला. वाद तिथंच मिटला.

माझी एक रीत होती. नवी काहीही वस्तू आली, क्रीम असो, मेण असो, केसांचा रंग असो, ती आधी आक्कांना लावायची. गिऱ्हाइकाला काही झालं तर बोभाटा होतो, घरचं माणूस सांभाळून घेतं. दोऱ्यानं भुवया कोरायला शिकले ती त्यांच्यावरच. अर्धी भुवई उडवली होती तेव्हा त्यांची. आठ दिवस काळी पेन्सिल फिरवून शाळेत गेल्या आणि कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "माझी भावजय डॉक्टर होतीय भुवयांची."

त्या वर्षी थंडीत त्यांच्या पापण्यांवर, नाकाच्या बाजूला, पिवळे डाग धरले. असे डाग मी चार-सहा बायकांच्या डोळ्यांपाशी पाहिले होते. चरबीचे असतात, सगळेच म्हणायचे. पण आक्कांचे डाग थांबेनात. डोळ्यांच्या खाली उतरले, गालाकडे सरकले, आणि बोट लावलं तर चामड्यासारखे घट्ट लागायचे. आक्कांनी रक्त तपासून घेतलं. चरबी अगदी बेताची निघाली. तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पण मी पडले पार्लरवाली! डाग दिसला की तो घालवायचा कसा एवढंच मला सुचायचं. डाग आला कुठून हे विचारायची मला सवयच नव्हती.

शाळेतल्या पोरींनी त्यांचं नाव ठेवलं होतं, 'हळदीचा चष्मा'. आक्कांनीच घरी येऊन सांगितलं आणि वर म्हणाल्या, "बघ उज्जू, पन्नाशीला टेकले, आता लागली बाई हळद एकदाची!" सगळे हसलो. मग चहाची कपबशी धुताना त्या बराच वेळ नळाखाली हात धरून उभ्या राहिल्या. त्याच आठवड्यात कोल्हापूरच्या एका शिबिरातून मी ती बाटली आणली होती. मस, चामखीळ, डाग, सगळं जाळून काढणारं ॲसिड. डोळ्यांपासून लांब ठेवा, असं शिकवणाऱ्या बाईंनी दोनदा बजावलं होतं. मी लांबच ठेवलं. निदान मला तसं वाटलं.

पाच डागांना लावलं. एप्रिल संपत आला होता, शाळेला सुटी लागणार होती. खपल्या धरतील, आठ दिवसांत पडतील, खाली गुलाबी कातडी येईल, असं मी त्यांना छातीठोकपणे सांगितलं.

खपल्या धरल्या. आठव्या दिवशी पडल्याही. आणि खाली गुलाबी काही नव्हतंच.

सकाळी मी पोळ्या लाटत होते. "उज्जू, जरा ये गं इकडं," अशी हाक आली. आवाज नेहमीचाच होता म्हणून मी लाटणं हातात घेऊनच गेले. आक्का आरशासमोर बसल्या होत्या. त्यांनी तोंड वळवलं आणि माझ्या हातातलं लाटणं खाली पडलं. उजव्या गालावर, डोळ्याच्या अगदी कडेला, रुपयाएवढी जखम उघडी पडली होती. कडा पिवळ्या, जाड, आणि मध्ये लालभडक खड्डा. खालची पापणी सुजून ओघळल्यासारखी झाली होती.

"फार वाईट दिसतंय का?" त्यांनी विचारलं.

तेवढ्यात आमचे हे दाढी अर्धवट टाकून आत आले, त्यांनी बघितलं आणि ओरडलेच, "आक्का! हे काय झालं? उज्ज्वला, काय लावलंस तिला?"

"कोरफडीचा... कोरफडीचा पॅक," मी म्हणाले.

कसं सुचलं, कुठून आलं, देव जाणे. मी आयुष्यात इतक्या पटकन खोटं बोलले नव्हते. हे माझ्याकडे बघत होते, मी जमिनीकडे. आणि आक्का, ज्यांनी नंतर बाटलीवरचं लेबल स्वतः वाचलं होतं, त्या शांतपणे म्हणाल्या, "हो रे जिन्नू. मला सोसला नाही तो. तू दाढी पुरी कर आधी."

ते गेल्यावर मी त्यांचे पाय धरायला वाकले, तर म्हणाल्या, "पोळी करपतीय बघ तुझी."

गल्लीतल्या डॉक्टरांनाही आम्ही कोरफडच सांगितली. त्यांनी ॲलर्जी म्हणून मलम दिलं, गोळ्या दिल्या. तीन आठवडे ते मलम लावलं. जखम भरायचं नावच घेईना. एकाच्या दोन झाल्या. आक्कांना आधीपासून पाठ धरायची, थकवा यायचा. दिवसभर वर्गात उभं राहून होतं असं, असं आम्ही म्हणायचो. आता त्या जिन्याच्या तीन पायऱ्या चढल्या तरी कठड्याला धरून थांबायला लागल्या. मी पार्लरला कुलूप घातलं. गिऱ्हाइकांना सांगितलं, मेणाचं भांडं बिघडलंय. माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. आक्कांचा डोळा जाणार, ह्यांना खरं कळणार, आणि ज्या माणसानं मला या घरात उभं केलं त्या माणसाचं तोंड मी जाळलं असं सगळी गल्ली म्हणणार. आणि म्हणणार ते खरंच असणार.

मग एक दिवस आक्कांना पाठीला तेल लावून हवं होतं. त्यांनी पदर बाजूला केला आणि मी किंचाळायचीच राहिले. खांद्याखाली, छातीच्या बाजूला, बरगडीवर, तेच पिवळे चट्टे. तळहाताएवढा एक. तिथं मी काहीही लावलं नव्हतं.

"कधीपासून आहे हे?"

"झाले असतील पंधरा-वीस दिवस. तू आधीच घाबरलीस, म्हटलं कशाला अजून..."

"आक्का!"

मी मटकन खालीच बसले. मला एकच उमगलं. ॲसिड रक्तात उतरलं. चेहऱ्यावरून आत गेलं आणि आता अंगभर बाहेर पडतंय. मी नुसतं तोंड नाही जाळलं, मी त्यांना विष घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी त्यांना मिरजेला घेऊन गेले. ह्यांना म्हटलं, तुम्ही कामावर जा, आम्ही दोघी बघतो. खरं कारण तुम्हाला कळलंच असेल. ते बरोबर असते तर डॉक्टरांसमोर मी काय बोलणार होते?

मिरजेचे डॉक्टर हुकेरी म्हणजे कातडीच्या आजारांतले जाणते म्हातारे डॉक्टर. बोलायला तिखट. त्यांनी भिंगातून जखम बघितली, चट्टे बघितले, बोटांनी दाबले.

"काय लावलं होतं?"

"कोरफड," मी म्हणाले.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग आक्कांकडे. आक्का खिडकीतून बाहेर बघत होत्या. बरगडीवरच्या चट्ट्याचा तुकडा काढून तपासायला पाठवला. आठवड्यानं पुन्हा बोलावलं आणि म्हणाले, रक्त तपासायचंय, यातलं एक पुण्याला जाईल. ते आल्यावर म्हणाले, आता कमरेच्या हाडातला मगज काढून बघायचाय.

"हाडातला?" मी विचारलं. "कातडीला झालंय ना?"

"बघायचंय म्हटलं ना," ते म्हणाले.

मगज काढताना मी बाहेरच्या बाकावर बसले होते. आतून आक्कांचा एकदाच मोठा आवाज आला, "आई गं!" मी दोन्ही कानांवर हात ठेवले. विष हाडापर्यंत गेलं, असं माझं पक्कं झालं होतं. घरी येताना एसटीत आक्का माझ्या शेजारी तिरप्या बसल्या होत्या, कमरेला पट्टी लावलेली, आणि वर मलाच विचारत होत्या, "भूक लागली का गं तुला? सकाळपासून काही खाल्लं नाहीस."

मिरजेच्या डॉक्टरांकडचा शेवटचा दिवस मला जसाच्या तसा आठवतो. जूनचा दुसरा आठवडा. डॉक्टर हुकेरींनी दार लावून घेतलं, टेबलावर कागद पसरले आणि ते पहिल्यांदा माझ्याकडेच वळले.

"आता खरं सांगा. कोरफडीनं कातडी अशी जळत नाही. पस्तीस वर्षं हेच बघतोय मी."

आक्का म्हणाल्या, "डॉक्टर, ते राहू द्या..."

"तुम्ही थांबा. हिला विचारतोय मी."

आणि माझा बांध फुटला. सगळं भडाभडा सांगून टाकलं. बाटली, शिबिर, कापसाचा बोळा, पाच डाग, ह्यांना सांगितलेलं खोटं, गल्लीतल्या डॉक्टरांना सांगितलेलं खोटं, तीन आठवड्यांचं मलम. बोलता बोलता मी हात जोडले होते हेही मला कळलं नाही.

"डोळ्याच्या इतक्या जवळ ॲसिड!" डॉक्टर कडाडले. "अक्कल कुठं गहाण टाकली होती? अर्ध्या बोटाच्या अंतरानं यांचा डोळा वाचलाय. आणि खोटं बोलून वर तीन आठवडे घालवले!"

मी मान खाली घातली. बोला, अजून बोला, असं मला आतून वाटत होतं. कुणीतरी एकदा बोलायलाच हवं होतं.

मग त्यांनी आवाज खाली आणला आणि खुर्ची आक्कांकडे वळवली.

"बाई, आता नीट ऐका. हे चट्टे, या न भरणाऱ्या जखमा, याचं मूळ ते ॲसिड नाही. त्यानं चिघळलं, हे खरं. पण हा आजार आधीपासून तुमच्या अंगात होता. फार क्वचित दिसणारा कातडीचा आजार आहे. कातडीच्या आत पिवळ्या गाठी धरतात, घट्ट होतात, फुटतात. सुरुवात बहुतेक डोळ्यांभोवतीच होते. नेक्रोबायोटिक झँथोग्रॅन्युलोमा म्हणतात त्याला. मी माझ्या उभ्या आयुष्यात दुसऱ्यांदा बघतोय. आणि हा दिसला की आम्हाला रक्त बघावं लागतं, कारण खरा घोटाळा पुष्कळदा तिथं असतो. तुमच्या रक्तात एक नको ते प्रथिन फार वाढलेलं आहे. मगजाचा रिपोर्टही तेच सांगतो. हा रक्ताचा कॅन्सर आहे. मायलोमा. तुमची पाठ दुखते, थकवा येतो, तो त्यामुळेच."

खोलीत पंखा फिरत होता. मी डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होते.

"म्हणजे माझ्यामुळं नाही?" मी विचारलं.

"काय?"

"माझ्यामुळं नाही झालं हे? ॲसिड रक्तात नाही गेलं?"

"ॲसिड रक्तात कसं जाईल? नाही. तुमच्यामुळं नाही झालं."

"नक्की ना? नक्की, डॉक्टर?"

"नक्की."

"सुटले!" मी ओरडले. "सुटले गं बाई! महावीरा, सुटले मी!"

आणि मी हसायला लागले. हो, हसायला. दोन्ही हात छातीवर धरून, मान मागं टाकून, मोठमोठ्यानं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी हसत होते. शेजारी बसलेल्या आक्कांचा हात मी धरला, गदागदा हलवला आणि म्हणाले, "आक्का, ऐकलंत? माझ्यामुळं नाही! माझ्यामुळं नाही झालं!"

"ऐकलं," आक्का म्हणाल्या. "मी तुला म्हणतच होते." त्यांनी दुसऱ्या हातानं माझ्या पाठीवर थोपटलं.

डॉक्टर हुकेरी थक्क होऊन आमच्याकडे बघत होते. त्यांनी चष्मा काढला, परत घातला. "बाई," ते आक्कांना म्हणाले, अगदी हळू, "मी आत्ता काय सांगितलं, ते तुम्हाला कळलं ना?"

"कळलं, डॉक्टर. शाळेत विज्ञान शिकवते मी." आक्कांचा हात माझ्या पाठीवरच होता. "दोन मिनिटं थांबा. आधी हिचं होऊ दे. मग माझं सांगा."

तेव्हा, तेव्हा कुठं तो शब्द माझ्या कानात शिरला. कॅन्सर. डॉक्टरांनी तो केव्हाच उच्चारला होता, मी समोर बसून तो ऐकला होता, आणि तो ऐकून मी हसले होते. माझं हसू तोंडावर तसंच राहिलं. मला ते मिटवता येईना. मी आक्कांकडे बघितलं. ती जखम, ते पिवळे चट्टे, सुजलेली पापणी, आणि त्या माझ्याकडे बघून मान हलवत होत्या, असू दे, असू दे, अशी.

त्यानंतर डॉक्टर बराच वेळ बोलले. गोळ्या आहेत, दर महिन्याला रक्त बघावं लागेल, पूर्ण बरं होत नाही पण आवर घालता येतो, मुंबईच्या एका डॉक्टरांना चिठ्ठी देतो. आक्का एकेक प्रश्न विचारत होत्या, उत्तर कागदावर उतरवून घेत होत्या. मी तिथं होते आणि नव्हते. एक माणूस आपल्या मरणाबद्दल विचारत होतं आणि शेजारी बसलेली मी दोन मिनिटांपूर्वी आनंदानं ओरडले होते. माणूस असं असतं? मी अशी आहे? तीस वर्षांची होते मी तेव्हा. तोवर स्वतःला चांगली बाई समजत होते.

बाहेर आलो. व्हरांड्यात बाकावर आक्का बसल्या. शेजारी मी.

"आक्का, मी आत जे बोलले..."

"हं."

"मला कळलंच नाही हो. आईशप्पथ सांगते. कानच बंद झाले होते माझे. मला वाटलं..."

"उज्जू," त्यांनी मला थांबवलं. "खोटं कशाला बोलू? ऐकलं तेव्हा लागलं मला. फार लागलं. वाटलं, ही पोरगी हसतीय कशी? मग तुझा हात बघितला. एवढा गार पडला होता. महिना-दीड महिना तू जेवली नाहीस, झोपली नाहीस, हे मला काय दिसत नव्हतं? माझ्यापायी झिजत चालली होतीस तू. म्हटलं, जाऊ दे. एकीचं तरी सुटलं."

मला हुंदका आला. मी पदर तोंडात कोंबला, पण तो थांबेना. व्हरांड्यातली माणसं वळून बघायला लागली. आक्कांनी माझ्या मांडीवर हात ठेवला.

"झालं का तुझं?"

मी मान हलवली.

"मग आता पूस डोळे. पूस म्हणते ना. आणि सरक जरा इकडं." त्यांचा आवाज पहिल्यांदाच चिरकला. "आता मला रडायचंय."

मी डोळे पुसले आणि सरकले. आक्कांनी जखमेचा गाल वर राहील अशा बेतानं डोकं माझ्या खांद्यावर ठेवलं. एवढ्या वर्षांत मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. आमची एसटी त्या दिवशी चुकली, आणि त्यानंतरचीही.